तीन मिलिमीटर काकू

ट्रे हातातून निसटला तेव्हा धाकट्या साहेबांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आवाज फार मोठा झाला. दुसरा असा, की कुणी ऐकला नसेल. तिसरा विचार यायच्या आत वीस पत्र्याच्या डब्या माती-तपासणीच्या प्रयोगशाळेच्या फरशीवर पसरल्या होत्या आणि त्यांची वीस झाकणं, शाळा सुटल्यावर पोरं सुटतात तशी, दिसेल त्या दिशेला पळत होती. एक कपाटाखाली गेलं. एक दारापर्यंत जाऊन उंबरठ्याला धडकलं, तिथंच गरगरत राहिलं आणि बऱ्याच वेळाने, अगदी सावकाश, आडवं झालं.

माती मात्र डब्यांतच राहिली. ओल्या मातीचा तेवढा एक चांगुलपणा असतो, बसली की हलत नाही. बाहेरच्या माणसाला वाटेल, मग बिघडलं काय? झाकणं गोळा करा आणि लावून टाका. बिघडलं होतं ते असं, की कुठली माती कुठल्या बोअरची आणि किती फुटांवरची हे डबीवर लिहायचं असतं, आणि धाकट्या साहेबांनी ते झाकणावर लिहिलं होतं. डबी गोल असते, झाकण सपाट असतं, सपाटावर अक्षर छान येतं. पदवीधर माणसाला एवढं कारण पुरतं. प्रयोगशाळेतल्या काकूंचं त्यांना तीनदा सांगून झालं होतं. पहिल्यांदा प्रेमाने, दुसऱ्यांदा नुसतं, आणि तिसऱ्यांदा दुसऱ्याच कुणाशी बोलताना, पण यांना ऐकू जाईल अशा बेताने.

हे धाकटे साहेब म्हणजे प्रस्तुत लेखकच. पण 'ट्रे मी पाडला' असं लिहायला इतक्या वर्षांनीही हात धजत नाही, म्हणून तिसऱ्या माणसाच्या आड उभं राहून सांगतो. गोष्ट तशीही त्यांची नाही, काकूंची आहे.

काकू चहाचा पेला घेऊन दारात आल्या. उंबरठ्याशी पडलेलं झाकण उचलून त्यांनी डोळ्यांपासून लांब धरलं आणि वाचलं, "बोअर तीन, नऊ फूट." मग विचारलं, "याची डबी कुठंय?"

"तीच शोधतोय, काकू."

"हाक मारून बघ, ओ देते का."

धाकटे साहेब गुडघ्यांवर होते. एरवी चारचौघांत काकू त्यांना 'धाकटे साहेब' आणि 'तुम्ही' म्हणत. आसपास कुणी नसलं की 'अरे' आणि 'तू'. आता आसपास कुणी नव्हतं.

"किती पडल्या?"

"वीस."

"म्हणजे सगळ्याच. अर्धवट काम करायची सवय नाही तुला, हे एक बरंय."

आता या वीस डब्यांचं महत्त्व सांगायला हवं. इमारत बांधायच्या आधी जमिनीला विचारावं लागतं, की बाई, हे ओझं तुला झेपेल का. जमीन तोंडाने बोलत नाही, म्हणून तिला यंत्राने भोकं पाडायची, दर तीन फुटांवर थोडी थोडी माती वर काढायची, आणि प्रयोगशाळेत आणून ती ओली किती, चिकट किती, फुगणारी किती हे तपासायचं. त्यावरून पाया किती खोल न्यायचा ते ठरतं. या वेळी प्रश्न होता बाळंतिणींच्या चार मजली इस्पितळाचा. चार कोपऱ्यांना चार बोअर, प्रत्येकातून पाच डब्या. बोअर पाडणारी गाडी आदल्या दिवशीच शहराच्या दुसऱ्या टोकाला रवाना झाली होती. ती परत बोलवायची म्हणजे आठवडा. आणि रिपोर्ट द्यायचा होता परवा.

"मोठ्या साहेबांना सांगू का?" धाकट्या साहेबांनी विचारलं. 'नको' ऐकायला मिळेल या आशेने माणूस जसा विचारतो, तसंच.

"आधी मिस्त्रीची वही आण," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पदर खोचला.

बोअरचा मिस्त्री प्रत्येक खोलीवर काय निघालं ते वहीत लिहून ठेवतो: काळी चिकण, पिवळी, रेताड, मुरूम. काकूंनी वही उघडून समोर ठेवली, काचेची पाटी पुसली आणि पहिली डबी ओढली. चिमूटभर माती दोन बोटांत चोळली. थोडी ओली करून काचेवर वळली. एकदा नाकाशी नेली. एका डबीतली तर कणभर दातांखाली धरली आणि मान हलवली. "कचकचतेय. रेती आहे पोटात. बोअर एक, बारा फूट. लाव झाकण. आणि आता डबीवर लिही, मी बघतेय."

तासाभरात सोळा डब्यांना आपापली नावं परत मिळाली. धाकट्या साहेबांनी चार वर्षं मातीचा अभ्यास केला होता, तोही पहिल्या वर्गात. पण मातीला इतकी वेगवेगळी तोंडं असतात हे त्यांनी त्या तासात पहिल्यांदा पाहिलं.

हे हात आले कुठून, तर वीटभट्टीवरून. काकूंचे आईवडील भट्टीवर कामाला होते. सातव्या वर्षी काकू ओल्या विटा उन्हात उलटायच्या, बाराव्या वर्षी साचा मारायच्या. शाळा आठवीपर्यंत झाली, तीही भट्टी बंद असेल त्या महिन्यांत. पुढे लग्न झालं ते बोअरच्या गाडीवरच्या माणसाशी. तो दुखण्याने गेला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. प्रयोगशाळेच्या त्या वेळच्या साहेबांनी काकूंना डब्या धुवायच्या कामावर घेतलं.

त्या साहेबांना मातीची दोरी वळता येत नसे. ही चाचणी साधी दिसते आणि भल्याभल्यांना घाम फोडते. मातीची गोळी काचेवर तळहाताने फिरवत तिची बारीक दोरी करायची. दोरी तीन मिलिमीटर जाडीला आली की नेमकी तिथंच तडकायला हवी. आधी तडकली तर पाणी कमी, नाहीच तडकली तर पाणी जास्त. पुन्हा गोळी, पुन्हा दोरी. ज्या ओलाव्याला ती बरोबर तीनला तडकते, तो आकडा त्या मातीचा स्वभाव सांगतो. साहेबांची दोरी कधी पाचला तुटायची, कधी एकला आली तरी तुटायचं नाव घ्यायची नाही. एके दिवशी ते वैतागून हात धुवायला गेले, आणि परत आले तर डब्या धुणाऱ्या बाईने, टेबल पुसता पुसता, उरलेल्या गोळ्याच्या चार दोऱ्या वळून ठेवल्या होत्या. चारही सारख्या. चारही तीनला तडकलेल्या.

"हे कसं केलंत?"

"चुकलं का? पुसून टाकते."

साहेबांनी पुसू दिलं नाही. त्याला तेव्हा एकोणतीस वर्षं झाली होती. जाडी ताडून बघायला काचेजवळ एक पोलादी सळई असते, बरोबर तीन मिलिमीटरची. काकू तिच्याकडे बघत नसत. एकदा नवी सळई आली तेव्हा मात्र त्यांनी ती बोटांत फिरवली आणि म्हणाल्या, "ही बारीक आहे." सगळे हसले. मग कुणी तरी सूक्ष्ममापक लावून बघितलं तर सळई पावणेतीनची निघाली. त्या दिवसापासून त्यांचं नाव 'तीन मिलिमीटर काकू' पडलं. सळई परत गेली, काकू राहिल्या.

मुलगी शिकून शाळेत शिक्षिका झाली. ती अधूनमधून म्हणायची, "आई, लोकांच्या आया साठीला आल्या की आराम करतात, तू अजून चिखल वळतेस." त्यावर काकू म्हणायच्या, "तू तीस पोरं वळतेस, मी काही बोलते का? माझी माती निदान उलट उत्तर देत नाही."

तर, चार डब्या उरल्या होत्या. चारही लाल. वहीत मुरूम चार ठिकाणी लिहिला होता: दुसऱ्या बोअरला एकदा, तिसऱ्याला एकदा, आणि चौथ्याला दोनदा, बारा फुटांवर आणि पंधरा फुटांवर. काकूंनी पहिली वळली. दुसरी वळली. तिसरीला त्या थांबल्या. त्यांनी ती पाण्यात कालवली, काचेवर बोटाने फासली, खिडकीशी नेऊन उजेडात धरली. मग चौथी. मग त्यांनी त्या दोन्ही डब्या बाजूला काढून ठेवल्या.

"काय झालं, काकू?"

"या दोन मुरूम आहेत. या दोन नाहीत."

"मग काय आहेत?"

"ही माती भाजलेली आहे," काकू म्हणाल्या. "एकदा भट्टीतून निघालेली माती पुन्हा कधी चिकट होत नाही, कितीही पाणी घाल. रंग बघ. आणि हे काळे ठिपके राखेचे. भट्टीवाले चांगली माती बघून खड्डा खणतात, विटा पाडतात, आणि जाताना त्याच खड्ड्यात फुटक्या विटा, राख, चुरा लोटून वर चांगल्या मातीचा जाड थर ओढतात. आमच्या मालकाने असे तीन खड्डे बुजवले. मी पाट्या वाहिल्यात." त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "एकसारख्या दोन आहेत, म्हणजे चौथ्याच बोअरच्या. त्या कोपऱ्याखाली जमीन नाही, भराव आहे."

इस्पितळाचे तीन कोपरे घट्ट जमिनीवर आणि चौथा कचऱ्यावर. अशी इमारत पडत नाही; ती एक-दोन वर्षांनी हळूच त्या बाजूला कलते, आणि मग भिंतींना कोपऱ्यापासून तिरक्या चिरा जातात. आत बाळंतिणी.

मोठे साहेब वाईट माणूस नव्हते. ते नियमाचे होते, एवढंच. त्यांनी आपल्या खोलीत काकूंचं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "काकू, मागच्या आठवड्यात आपण तुमच्या टेबलावर विटा चिरडल्या होत्या. दाबून बघायला."

"हो."

"म्हणजे विटांची भुकटी टेबलावर होती. पुसायची राहिली असेल. होतं असं, वयपरत्वे." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "नाही तरी पुढच्या महिन्यात मशीन येतंय. सुई मातीत सोडायची, आकडा आपोआप. हातांना काम नाही. तुम्ही सोमवारपासून स्टोअर सांभाळा. बसून काम आहे. रिपोर्टमध्ये मुरूम राहू दे."

काकूंनी धाकट्या साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही. डब्या जमिनीवर पडल्या होत्या, हे एक वाक्य त्या बोलल्या असत्या तर टेबलाचा डाग त्यांच्यावरून धुतला गेला असता. त्या बोलल्या नाहीत. ज्याने बोलायला हवं होतं तो भिंतीवरच्या कॅलेंडरचा अभ्यास करत उभा होता.

बाहेर आल्यावर काकूंनी टेबल पुसलं. स्वच्छच होतं. तरी पुसलं, कोपऱ्यांतून, पायांवरून, खालच्या फळीवरून. एकोणतीस वर्षांत त्यांच्या टेबलाबद्दल कुणी असं बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळा उघडायच्या आधीच धाकटे साहेब मोठ्या साहेबांच्या दारात होते. आदल्या रात्री त्यांनी आरशासमोर जे भाषण बसवलं होतं त्यात 'दुर्दैवाने' हा शब्द पाच वेळा होता. प्रत्यक्षात तोंडातून एवढंच निघालं, "सर, ट्रे मी पाडला. आकडे झाकणावर लिहिले होते. काकूंनी त्या ओळखून लावल्या. टेबलाचा काही संबंध नाही."

मोठ्या साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "म्हणजे भुकटी टेबलावरची नाही, फरशीवरची. हे तर आणखीच वाईट. आता या वीसही डब्या मी खऱ्या धरायच्या कशाला?"

खरं बोलल्यावर मोकळं वाटतं, असं सांगणाऱ्यांना भेटावं असं धाकट्या साहेबांना त्या क्षणी फार वाटलं. चांगलं करायला गेले आणि होतं तेही घालवून बसले.

काकू केव्हा आल्या ते कुणाला कळलं नाही. त्यांच्या हातात चौथ्या बोअरची डबी होती, आता बाहेरून ठळक आकडे घातलेली. त्यांनी डबी उपडी करून ढेकूळ मोठ्या साहेबांच्या कागदांवरच ठेवलं.

"भुकटी वरून लागते ना, साहेब?"

"हो."

"मग वरचं खरवडून टाकते." त्यांनी नखाने ढेकळाची सालच काढली. आणि मग ते मधोमध फोडलं. पोटात, अगदी आत, नखाएवढा विटेचा तांबडा कण बसलेला होता, आणि त्याच्याभोवती राखेची करडी कड. "फरशीवर पडून हा आत शिरला असेल, तर तुमच्या मशीनपेक्षा मोठी कमाल आहे."

मोठ्या साहेबांनी भिंग काढलं. ढेकूळ फिरवून फिरवून पाहिलं. नियमाच्या माणसाचं एक असतं. त्याला माणसाचं ऐकायला जड जातं, पण वस्तूचं तो ऐकतो.

"जागेवर खोदायचं यंत्र आहे का?" त्यांनी विचारलं.

"कुंपणाच्या कामाला आलंय," धाकटे साहेब म्हणाले. "आज आहे."

"चला. काकू, नाही निघालं तर?"

"तर स्टोअरची किल्ली मी स्वतः मागून घेते," काकू म्हणाल्या. "आणि निघालं तर माझ्या टेबलाबद्दल बोललात ते परत घ्या. बाकी काही नको."

अकराच्या सुमाराला यंत्राने चौथ्या कोपऱ्यावर पहिला घास घेतला. आधी काळी माती निघाली, मग पिवळी. दुसऱ्या टोकाच्या कामावरून बोअरचा मिस्त्री मुद्दाम आला होता. त्याच्या वहीवर शंका घेतल्याचं त्याला लागलं होतं.

"सहा फूट झाले," त्याने काकूंना ऐकवलं. "भट्टी अजून आली नाही वाटतं."

"येईल. तुमच्यासारखी घाईची नाही ती."

"काकू, मी बावीस वर्षं भोकं पाडतोय. हातोड्याचे ठोके मोजलेत मी तिथं. भरावात हातोडा लोण्यासारखा जातो. इथं चाळीस ठोक्यांत हलला नाही. मुरूमच तो."

नऊ फुटांना पिवळीच. दहा फुटांनाही पिवळीच. धाकट्या साहेबांना खाली वाकून बघायचं होतं, तर काकूंनी त्यांना शर्टाला धरून मागे ओढलं. "काठावर जाऊ नको. तुझ्या हातून काय काय पडतं ते बघितलंय मी."

अकरा फुटांच्या पुढे यंत्राच्या तोंडातून लाल माती आली आणि मिस्त्री मोठ्या साहेबांकडे वळला. "घ्या. मुरूम. मी लिहिलंच होतं."

मोठ्या साहेबांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी यंत्रवाल्याला हाताने थांबायची खूण केली, त्या बाहेर टाकलेल्या ढिगाशी जाऊन बसल्या आणि बादलीभर पाणी मागवलं. एक मोठं लाल ढेकूळ त्यांनी पाण्यात बुडवलं आणि डबी धुवावी तसं धुतलं, वरून, खालून, कडांनी. लाल गाळ ओघळून गेला. हातात अर्धी वीट उरली. तिच्या एका अंगाला, ओली असताना कुणी तरी उचलली होती त्याचे, चार बोटांचे ठसे होते.

मिस्त्रीने वीट हातात घेतली, बोटांच्या ठशांवर आपली बोटं ठेवून पाहिली आणि हळूच म्हणाला, "या विटांवर हातोडा अडला होता तर."

"अडणारच. वीट मुरमापेक्षा घट्ट असते. तिच्या खाली काय आहे ते बघा आता," काकू म्हणाल्या.

यंत्राने पुढचा घास घ्यायला तोंड टेकवलं आणि ते नुसत्या वजनानेच हातभर आत गेलं. मग वर आली राख, कोळशाचा चुरा, विटांचे तुकडे, पुन्हा राख. सोळा फुटांवरही तळ लागला नाही. खड्ड्याची एक कड आपोआप सुटून आत घसरली, आणि धाकट्या साहेबांनी न सांगता दोन पावलं मागे घेतली.

मोठ्या साहेबांनी खिशातून रिपोर्टचा मसुदा काढला, आडवा फाडला, घडी घालून पुन्हा खिशात ठेवला. कचरा जमिनीवर टाकणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. मग ते काकूंच्या समोर येऊन उभे राहिले आणि मिस्त्री, यंत्रवाला, कुंपणाचे मजूर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काकू, तुमचं टेबल स्वच्छ होतं. मी बोललो ते चुकीचं होतं."

"बरं," काकू म्हणाल्या आणि हात धुवायला बादलीकडे वळल्या. पण वळताना त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते धाकट्या साहेबांनी त्याआधी फक्त एकदा पाहिलं होतं, मुलीला नोकरी लागल्याची बातमी सांगताना.

"कुणाची वीट ती?" मिस्त्रीने मागून विचारलं. "तुमच्या घरच्यांची तर नाही?"

"माझी आई इतकी वाकडी वीट काढत नसे."

मिस्त्री सगळ्यांत मोठ्याने हसला. त्या दिवसापासून तो प्रत्येक लाल मातीची एक डबी वेगळी, काकूंच्या नावाने पाठवू लागला.

इस्पितळ साठ फूट अलीकडे सरकलं. नव्या जागेवर चार बोअर झाले, वीस डब्या आल्या, आणि यावेळी प्रत्येक डबीवर इतके मोठे आकडे होते, की काकूंनी विचारलं, ही डबी आहे का दुकानाची पाटी. आज ती इमारत सरळ उभी आहे आणि तिच्या खिडक्यांतून तान्ह्यांचं रडणं रस्त्यापर्यंत ऐकू येतं.

मशीनही आलं, ठरल्या महिन्यातच. त्याची सुई मातीत सुटायची आणि आकडा दाखवायची, आणि मोठे साहेब पहिल्या आठवड्यात प्रत्येक आकडा घेऊन काकूंच्या टेबलाशी जायचे. काकू दोरी वळायच्या. दोन्ही जुळले तर साहेब मशीनकडे कौतुकाने बघायचे. नाही जुळले, तर मशीनचा माणूस बोलावला जायचा. स्टोअरची किल्ली शेवटी मोठ्या साहेबांच्या ड्रॉवरमध्येच राहिली.

नवा रिपोर्ट टाइप करायची वेळ आली तेव्हा त्यात नेहमीचा रकाना होता: चाचणी कुणी केली. एकोणतीस वर्षं त्या रकान्यात कुठल्या ना कुठल्या साहेबाचं नाव पडत आलं होतं. या वेळी मोठ्या साहेबांनी कागदावर स्वतःच्या हाताने लिहून पाठवलं, 'इथे काकूंचं पूर्ण नाव घ्या.'

धाकटे साहेब कागद घेऊन प्रयोगशाळेत आले. काकू खिडकीशी बसून एक काळी गोळी वळत होत्या. दोरी बारीक होत होत तीनला आली आणि तिथंच, जणू हुकूम झाल्यासारखी, तडकली.

"काकू, या रिपोर्टवर तुमचं नाव घालायचंय," धाकटे साहेब म्हणाले. "रकाना लहान आहे, नाव मोठं आहे. कुठं लिहू?"

काकूंनी मान वर केली नाही.

"कुठंही लिही, झाकणावर तेवढं नको."